इंदूरहून जामगेट, महेश्वर, ओंकारेश्वर आणि परत: दोन घाट आणि मधे नर्मदा, गोल ट्रिप कशी करायची

मोबाइलवर महेश्वर टाकलं की तो तुम्हाला डोळे झाकून एबी रोडच्या (म्हणजे आग्रा-मुंबई हायवेच्या) फोरलेनवर पाठवतो. राऊ, मानपूर, गणपती घाट, धामनोद, मग डावीकडे वळा आणि महेश्वर. दोन तासांत पोचता हे खरंय पण रस्त्यात बघितलं काय, तर ट्रकची मागची बाजू आणि त्यावरचे शेर. परत येताना पुन्हा तेच. आणि मग लोक म्हणतात इंदूरच्या आजूबाजूला ड्राइव्हला जाण्यासारखं काही नाही, गाडी काढायची तर हिमाचलच. अरे भिया, विंध्याचा कडा घरापासून तासाभरावर आहे आणि त्याच्या पायथ्याशी नर्मदा वाहतेय, अजून काय पाहिजे?

माझं म्हणणं एवढंच आहे की ही ट्रिप गोल करा. महूवरून जामगेटच्या घाटानं खाली उतरायचं, महेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मंडलेश्वर-बडवाह रस्त्यानं ओंकारेश्वर आणि तिथून खंडवा रोडनं चोरल, भेरू घाट, सिमरोल करत इंदूर. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतं, दोन दिवसांना आरामात पुरतं. उलट्या बाजूनं पण करता येते, लोक करतात, पण मी सांगेन की नका करू, आणि त्याला कारण आहे. जामगेटचा उतार तीव्र आहे, तो सकाळी ताज्या डोक्यानं आणि गार ब्रेकनं उतरून घेतला की मोठी परीक्षा तिथेच संपते. परतीच्या दिवशी दुपारनंतर ड्रायव्हर दमलेला असतो, मुलं मागे भांडत असतात, तेव्हा समोर चढ असलेला बरा. चढाला गाडी फार तर गरम होईल किंवा बंद पडेल, उताराला चूक झाली तर विषय वेगळा होतो.

दुसरं कारण जरा श्रद्धेचं आहे पण ज्यांच्या घरी कोणी नर्मदा परिक्रमा केली असेल त्यांना लगेच कळेल. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवतात. उत्तर तटावर महेश्वरहून बडवाहकडे म्हणजे पूर्वेला निघालात की नदी तुमच्या उजवीकडेच राहते, म्हणजे गाडीत बसून का होईना, दिशा बरोबर असते. पुढे मोरटक्क्याला आपण पूल ओलांडतो, परिक्रमावासी ओलांडत नाहीत, तेव्हा पुण्याचा हिशोब तिथेच संपतो, पण तोपर्यंत आजी खूश.

आता हा घाट म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घ्या, कारण पुण्या-मुंबईचे पाहुणे बरोबर असले की पहिला प्रश्न हाच, की डोंगर कुठे दिसत नाहीयेत आणि तुम्ही घाट घाट काय करताय. सह्याद्रीत कोकणातून बघितलं की डोंगर समोर उभा असतो. इथे आपण आधीच वर राहतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. माळव्याचं पठार सपाट, काळी माती, गहू-सोयाबीनची शेतं, चालतंय चालतंय आणि एकदम जमीन संपते आणि खाली निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा मुलूख, दिसतं. म्हणजे घाट चढायचा नसतोच, थेट उतरायचा असतो. आणि ज्या कड्यावर तुम्ही उभे असता तो पाण्याची वाटणी करणारा कडा आहे. महूजवळच्या जानापावला चंबळ उगम पावते आणि उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, म्हणजे तिथलं पाणी बंगालच्या उपसागरात. कड्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस मात्र चोरल किंवा दुसऱ्या एखाद्या नाल्यानं नर्मदेत उतरतो आणि अरबी समुद्रात जातो. मुलांना भूगोल शिकवायचा तर इथे शिकवा, एका ढगाचे दोन समुद्र.

गाडीचं आधी बघू. टायरमधली हवा, स्टेपनीतली पण (स्टेपनी कोणी बघत नाही), कूलंट, वायपर, आणि मुख्य म्हणजे ब्रेक. पॅड किती उरलेत हे मेकॅनिकला विचारतात सगळे, ब्रेक ऑइल कधी बदललं हे विचारत नाहीत. हे ऑइल हवेतली ओल पितं, दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या, कारण ओल धरलेलं ऑइल लांब उतारावर ब्रेक तापले की उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय पेडलवर असतो पण पेडल स्पंजसारखं खाली जातं. शहरात हे कधीच कळत नाही, कळतं ते घाटात. महूलाच टाकी भरून घ्या, पुढे घाटात पंपाच्या भरवशावर राहू नका. नेटवर्क पण घाटात जातं येतं, तेव्हा मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. बाकी ओकारीच्या पिशव्या, लिंबू, पाणी, हे मला सांगायला नको, घरातल्या बायका ते बघतातच आणि बरं झालं बघतात.

निघायचं सहाला. सहा म्हणजे सहा, "सहाला निघू" म्हणून सातला गाडीत सामान भरायला सुरुवात नाही. पोहे-जिलबीचा मोह आवरत नसेल तर घेऊन चला, पण एका ठेल्यावर दहा जण उभे राहिले की तास गेला. रविवारी तर नकोच, जामगेटला नऊ-दहानंतर जी गर्दी होते, बाइकवाले, रीलवाले, भुट्टेवाले, की गाडी लावायला जागा मिळत नाही. शनिवारी सकाळी निघा, सुट्टी काढता येत असेल तर मंगळवार-बुधवार सगळ्यात बेस्ट.

राऊवरून महू. महूला बाबासाहेबांचं जन्मस्थान आहे, स्मारक बघायचं असेल तर वेळ धरून चला, सकाळी लवकर ते उघडं असेलच असं नाही. कँटोन्मेंटचा भाग आहे, कुठेही गाडी थांबवून फोटो काढत बसू नका. महूतून मंडलेश्वरचा रस्ता धरायचा, बडगोंदा लागतं, त्याच्यापुढे झाडी वाढायला लागते, सागवान दिसायला लागतं आणि रस्ता हळूहळू चढतो. इथे गाडी हाणू नका, वळणावळणावर गुरं असतात आणि पावसाळ्यात तर धुकं असं येतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. धुक्यात लो बीम. हाय बीम लावला तर समोर फक्त पांढरी भिंत दिसते. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायची जी सवय लागलीये लोकांना, ती सोडा, मागच्याला कळत नाही तुम्ही वळताय की थांबलाय.

जामगेट म्हणजे कड्याच्या टोकावर उभा असलेला दगडी दरवाजा, अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ सालचा. माळवा आणि निमाडच्या मधला हा होळकरांचा रस्ता, राजधानी खाली महेश्वरला, आणि इंदूरकडे जायचं तर इथूनच वर यायचं. मराठी माणसाला इथे उभं राहून वेगळं वाटतं हे खरंय, कारण देवडी, कमान, दगडाची ठेवण सगळं ओळखीचं आहे, आपल्याकडच्या वाड्याच्या दिंडीदरवाजात उभं राहिल्यागत. आतून वर जायला पायऱ्या आहेत, अंधाऱ्या आणि उंच, आजी-आजोबांना नेऊ नका, आणि वर गेलात तर वारा बघा, ओढणी-टोपी-मोबाइल तिन्ही धरून ठेवावे लागतात. दक्षिणेला तोंड करून उभे राहा. खाली डोंगराच्या सोंडा एकामागे एक उतरत गेल्यात, त्यांच्यामध्ये रस्त्याचे वेटोळे दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल, म्हणजे पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तर लांबवर नर्मदेची चकाकती रेघ पण दिसते. धुक्यात काहीच दिसत नाही पण ती मजा वेगळी, ढग अक्षरशः दरवाजातून आरपार जातात. कठड्यावर बसून फोटो नाही. माकडांना खायला नाही, आज तुम्ही बिस्किट द्याल, उद्या ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातातून ओढेल. आणि अंधार पडल्यावर या जागेवर रेंगाळू नका, सुनसान भाग आहे.

आता उतार. नियम जुना आहे, ट्रकवाल्यांचा आहे आणि शंभर टक्के बरोबर आहे, ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. म्हणजे दुसरा, फार तर तिसरा. पाय ब्रेकवर सतत ठेवून उतरायचं नाही, इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या, वळणाच्या आधी ब्रेक मारा, वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग वळा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल, डी मध्ये ठेवून उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आपल्यात अजून आहेत, त्यातले काही तर चावी पण बंद करतात, त्यांना एवढंच सांगा की इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही जातात, आणि दहा रुपयाच्या पेट्रोलसाठी ते महाग पडेल. ब्रेकचा जळका वास आला तर वळणावर नाही, सरळ रुंद जागा बघून थांबा, चाकावर पाणी ओतू नका, वीस मिनिटं चहा नाही तर गप्पा, आपोआप गार होतात. समोरून चढणारी गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल तर वाट तिला द्यायची, चढणाऱ्याचा हक्क पहिला, हा नियमच आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, इथे लाजायचं कारण नाही.

एक गंमत लक्षात ठेवा, तुम्ही उतरताय त्याच डोंगरावरून तुमच्या घरचं नळाचं पाणी चढतंय. मंडलेश्वरजवळ जलूद नावाचं गाव आहे, तिथे नर्मदेचं पाणी उचलतात आणि पंप करून करून विंध्य चढवून इंदूरला आणतात, १९७८ पासून. या पंपांचं विजेचं बिल एवढं येतं की महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले ते जलूदला सोलर लावायलाच. सकाळी नळ चालू ठेवून दात घासणाऱ्या पोरांना हा घाट दाखवा एकदा.

खाली उतरलं की पहिली गोष्ट जाणवते ती हवा. खिडकी उघडी असेल तर कळतं, निमाडची हवा कोरडी आणि गरम असते, जानेवारीत सुद्धा अंगातले स्वेटर उतरतात. म्हणूनच एप्रिल ते जून ही ट्रिप करू नका, इंदूरला चाळीस असेल तर इथे त्याच्याही वर, नदीघाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. शेतं पण बदलतात, कापूस, मिरची, केळी. मंडलेश्वरला नदी भेटते. इथलं महेश्वर धरण म्हणजे ४०० मेगावॅटचा प्रकल्प, वर्षानुवर्षं रखडलेला, नदीत उभे खांब बघून घ्या. मंडन मिश्र आणि शंकराचार्यांचा वाद इथेच झाला असं गावकरी सांगतात, घाट शांत आहे, गर्दी सगळी महेश्वरला जाते, तेव्हा अर्धा तास इथे बसायला हरकत नाही.

महेश्वर इथून आठ-दहा किलोमीटर. गाडी किल्ल्यापाशी गल्लीत घुसवू नका, बाहेर पार्किंगला लावा आणि चाला, गल्ल्या अरुंद आहेत आणि रिव्हर्स घेताना अख्खं गाव मार्गदर्शन करायला जमतं. महेश्वरबद्दल मराठी लोकांना मी काय सांगणार, अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून राज्य केलं, राजवाडा बघायला गेलात तर पहिला विचार येतो की एवढी साधी जागा? बसायची गादी, लाकडी खांब, मधे चौक, देवघर. काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं बांधली आणि स्वतःसाठी हे. किल्ल्यातून खाली घाटावर उतरा, आणि अहिल्येश्वराच्या देवळाच्या भिंती जरा जवळून बघा, दगडात कोरलेल्या वेलबुट्ट्या, फुलं, नागमोडी रेषा. मग साडीच्या दुकानात जा आणि काठ बघा. तीच नक्षी. नवऱ्यांनी हे आधी दाखवू नये, दुकानात वेळ दुप्पट लागतो. माग चालू असलेलं बघायचं असेल तर किल्ल्यातल्या रेहवा सोसायटीत जा, विणकर बायका बसलेल्या असतात, फोटो काढण्याआधी विचारा. साडी घेताना पॉवरलूमची की हातमागाची हे विचारा, आणि नुसतं विचारून थांबू नका, उलटी बाजू बघा, काठ आणि सूत सारखंच यंत्रागत दिसत असेल तर भाव त्या हिशोबानं करा.

दुपारी जेवण निमाडी जेवा, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर सोडू नका, तिला इथे अमाडी म्हणतात. नाहीतर दाल-बाफले इंदूरला रोजच आहेत. संध्याकाळी चार-साडेचारला सहस्रधारा, महेश्वरच्या खालच्या अंगाला जलकोटी गावाजवळ. इथे नर्मदा काळ्या खडकांवर फुटून शेकडो धारांनी वाहते, कयाक-कनूच्या स्पर्धा पण इथे होतात. दिसतं छान पण पाण्यात उतरू नका, खडक शेवाळलेले असतात आणि वर धरणं आहेत, पाणी सोडलं की धार कधी वाढेल सांगता येत नाही. सूर्य मावळायच्या आत घाटावर परत या आणि नाव करा, भाव आधी ठरवा, माणशी की नावेचा ते स्पष्ट विचारा, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या, नावाडी म्हणेल "कुछ नहीं होता भैया", तरी मागाच. नदीच्या मध्ये बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे तिथपर्यंत नाव नेतात.

मुक्कामाला एमपी टूरिझमचं आहे, किल्ल्यातलं हेरिटेज हॉटेल आहे (खिसा बघून), आणि गावात साधे होमस्टे भरपूर. डिसेंबरच्या सुट्टीत आणि लाँग वीकेंडला बुकिंगशिवाय येऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईचं काही नाही. खरं तर मुद्दाम नऊनंतर निघा, कारण रस्ता पूर्वेला जातो आणि लवकर निघालात तर सूर्य सरळ डोळ्यात. महेश्वर ते ओंकारेश्वर साधारण पासष्ट किलोमीटर, मंडलेश्वरवरून बडवाहकडे. नदीकाठचा रस्ता म्हणून ऐकलं असेल तर आधीच सांगतो, नदी सतत दिसत नाही. ती दोन-चार किलोमीटर आत राहते, मधे केळीची आणि कापसाची शेतं, पाट, छोटी गावं. नदी बघायची तर मधल्या एखाद्या गावात उजवीकडे वळा, रस्ता विचारत विचारत, बहुतेक गावांना आपापला घाट आहे, चार पायऱ्या, एक शंकर, पिंपळ, आणि कपडे धुणाऱ्या बायका. तिथे पाय सोडून बसा दहा मिनिटं. या रस्त्यावर वेग साठच्या वर नको, आणि दिवाळीनंतर तर नकोच नको, कारण देवउठनी एकादशीनंतर परिक्रमावासी निघतात, पांढरे कपडे, हातात काठी, पाठीवर झोळी, रस्त्याच्या कडेनं चालत असतात. त्यातले कितीतरी महाराष्ट्रातले, पुण्याचे, नाशिकचे, जळगावचे. हॉर्न मारून धूळ उडवत जाऊ नका. गाडी हळू करा, "नर्मदे हर" म्हणा, ते पण म्हणतील. केळी, संत्री काही असेल तर द्या, थांबून विचारा काय पाहिजे, बऱ्याचदा पाणी किंवा क्रोसिन एवढंच हवं असतं.

बडवाहला हायवे लागतो, उजवीकडे वळून मोरटक्क्याचा पूल, पलीकडून डावीकडे ओंकारेश्वर बारा किलोमीटर. पावसाळ्यात निघायच्या आधी पुलाची बातमी बघा, नर्मदा फुगली की हा पूल बंद करतात, २०२३ च्या सप्टेंबरात असंच झालं होतं, आणि मग पलीकडे अडकलात तर मोठा वळसा.

ओंकारेश्वरला श्रावणी सोमवार, शिवरात्र, सोमवती अमावस्या या दिवशी गाडी घेऊन जाऊच नका, दर्शन होईल पण ट्रिपची वाट लागेल. एरवी गाडी ममलेश्वराच्या बाजूला म्हणजे दक्षिण तटावरच लावायची, ओंकारेश्वराचं देऊळ मांधाता बेटावर आहे आणि पुलावरून चालत जायचं. वाटेत दहा जण विचारतील "स्पेशल दर्शन?", हसून पुढे जा, मंदिराची अधिकृत खिडकी सोडून कोणाला पैसे देऊ नका. ममलेश्वर करायला विसरू नका, लोक धावपळीत ते सोडतात, दोन्ही मिळून ज्योतिर्लिंगाचं दर्शन पूर्ण मानतात. पायात दम असेल तर बेटाची परिक्रमा साधारण सात किलोमीटर आहे, जुनी पडकी देवळं, संगम, आणि वरून धरण दिसतं, ५२० मेगावॅटचं. टेकडीवर शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती झालीये, २१ सप्टेंबर २०२३ ला अनावरण झालं. घाटावर आंघोळ करताना साखळी धरूनच, आणि भोंगा वाजला की लगेच वर यायचं, धरणातून पाणी सोडल्याची ती खूण असते. जेवायला आणि राहायला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची शाखा आहे इथे, स्वच्छता आणि शिस्त शेगावसारखीच, मराठी कुटुंबानं दुसरीकडे शोधायची गरज नाही, फक्त गर्दीच्या दिवशी खोली मिळेलच असं नाही.

दोन-अडीच तास हाताशी असतील तर एक जागा मी म्हणेन बघाच, रावेरखेडी. मोरटक्क्यावरून सनावद, तिथून बेडियाकडे (मिरचीची मोठी मंडी, हंगामात गाडीच्या काचा बंद ठेवा, ठसका लागतो) आणि मग आत नर्मदेकाठी. थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी इथे आहे, २८ एप्रिल १७४० ला इथल्याच छावणीत तापानं गेले, वय चाळीस पण नव्हतं. तटबंदीचा चौक, मधे समाधी, समोर नदी. हॉटेल नाही, दुकान नाही, गाइड नाही. शनिवारवाड्यावर तिकिटाला लाइन लावणारे आपण, आणि इथे बऱ्याचदा आपण सोडून दुसरं कोणी नसतं. पाणी बरोबर ठेवा, पावसाळ्यात आतला रस्ता विचारून घ्या.

परतीला तीनच्या आत निघा. बडवाहला चिवडा घ्या, तो इथे प्रसिद्ध आहे, अर्धा किलो म्हणून घेतात आणि इंदूर यायच्या आत संपतो, तेव्हा दोन पाकिटं वेगवेगळी बांधून घ्या, एक डिकीत खाली. बलवाड्यापुढे चढ सुरू होतो. हा रस्ता खंडवा-बुऱ्हाणपूर-महाराष्ट्राच्या ट्रकचा आहे, जामगेटसारखा मोकळा नाही, एक ट्रक चढताना दम खातो आणि मागे चाळीस गाड्या. वळणावर ओव्हरटेक करू नका, पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. रस्ता चौपदरी करण्याचं काम बरीच वर्षं चाललंय, त्यात तीन बोगदे आहेत, ते पूर्ण वापरात आले की भेरू घाटाची भीती जाईल आणि थोडी मजा पण. डायव्हर्जन कुठे आहे ते आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून घ्या, मॅप नेहमी बरोबर सांगत नाही.

मधे चोरल. धरणावर चहा-भजी होतात, सूर्यास्त बरा असतो. खाली दरीत चोरल नदीकाठी कालाकुंड स्टेशन आहे, पातालपाणी ते कालाकुंड मीटर गेजची हेरिटेज ट्रेन २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली, तिकडचा कलाकंद पळसाच्या पानात देतात. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना १ कोटीचं कर्ज दिलं तेव्हा ही लाइन झाली, म्हणजे कर्ज राजानं सरकारला दिलं, आज कोणी ऐकलं तर चक्कर येईल. पण ती ट्रेन या ट्रिपमध्ये कोंबू नका, ती वेगळी करा, पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात करताना पातालपाणी, तिंछा या धबधब्यांच्या वरच्या खडकांवर जाऊ नका, वर लांब कुठेतरी पाऊस पडलेला असतो, आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी अचानक येतं. २०११ ला पातालपाणीला लोक असेच वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय आणि तरी दरवर्षी कोणीतरी जातंच.

सिमरोल आलं, आयआयटीचं गेट गेलं की घाट संपला. पण खरी कसोटी तेजाजी नगर ते भंवरकुआं, रविवारी संध्याकाळी तिथे तुम्ही दोन घाट मिळून जेवढं हळू गेला नसाल तेवढं हळू जाता, तेव्हा पश्चिम इंदूरात राहणाऱ्यांनी तेजाजी नगरहून बायपास धरून राऊकडून शिरावं. पाहुणे बरोबर असतील तर ते गाडीतच "आता सराफा" (इंदूरचा रात्रीचा खाण्याचा बाजार) म्हणायला लागतील. त्यांना सांगा उद्या, ज्यानं गाडी चालवली त्याला आधी आंघोळ करून झोपू द्या.